तीन दिवस सुट्टी, बजेट ठरलेलं: मग फिरायला कुठे जायचं हे ठरवायचं कसं?

लाँग वीकेंड जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाडी एकाच प्रश्नावर अडते, 'कुठे जायचं?' कुणी गोवा म्हणतं, कुणी हंपी, कुणी रीलमध्ये पाहिलेला धबधबा. शुक्रवार उजाडतो तरी काही ठरत नाही. शेवटी मिळेल त्या भावात मिळेल ती रूम घेऊन मंडळी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात.

वर्षातून एकच सहल जमणाऱ्या घराला हा घोळ परवडत नाही. मुळात आधी ठिकाण निवडायचं आणि मग हिशेब मांडायचा, ही पद्धतच उलटी आहे. आधी मोजायचे ते तास.

पुण्यातलं चौघांचं कुटुंब घेऊ. सुट्टी शनिवार ते सोमवार. दिवसाचे जागेपणीचे 14 तास धरले तर हातात 42 तास. मालवण रस्त्याने साधारण 375 किलोमीटर. चहा-जेवणाचे थांबे धरून जाण्या-येण्यात 18 ते 20 तास जातात, म्हणजे समुद्रासाठी उरतात जेमतेम 22 ते 24. छत्रपती संभाजीनगर साधारण 235 किलोमीटरवर. जाऊन-येऊन 12 तास, उरले 30. इथे वेरूळ-अजिंठ्याचं पारडं जड वाटतं. पण अजिंठा शहरापासून आणखी 100 किलोमीटर आहे. त्यात पाचेक तास गेले की उरतात 25. नकाशावर जवळ दिसणारं ठिकाण घड्याळात तेवढं जवळ नसतं.

उलट मालवणला शुक्रवारी रात्रीच्या बसने निघून सोमवारी रात्री परतीची बस धरली, तर तितक्याच दोन रात्रींच्या हॉटेल भाड्यात जवळपास तिन्ही दिवस हाती येतात. अडचण एवढीच की बस सकाळी पोहोचते आणि रूम बहुतेक ठिकाणी दुपारी मिळते. सोबत लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर ही सकाळ जड जाते. बुकिंगआधी हॉटेलला एक फोन करून विचारलेलं बरं. मुंबईकरांनी हेही लक्षात ठेवावं की कोकण रेल्वे मालवणला जात नाही. कुडाळला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा करावी लागते.

तासांनंतर पाहायचा तो वार. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. त्यामुळे शनिवार-सोमवारच्या सहलीत अजिंठा रविवारी आणि वेरूळ सोमवारी, हाच क्रम बसतो. उलटा क्रम लावला तर 100 किलोमीटर जाऊन बंद दार पाहायचं. ताडोबाची सफारीही मंगळवारी नसते. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या बंद असतात. जुलैत स्वस्त रूम मिळते म्हणून खूश होण्याआधी हे पाहावं.

आता पैसा. लेण्यांच्या तिकिटाने बजेट फारसं हलत नाही: भारतीयांना 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना मोफत. खरा खर्च होतो प्रवासावर आणि मुक्कामावर. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे दिवाळीचं तिकीट हवं असेल तर गणपतीच्या सुमारासच तारीख पक्की करावी लागते.

एसटीचा विचार मात्र अनेक जण करतच नाहीत. महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच, म्हणजे गोव्याच्या बसमध्ये सीमेपासून पुढे पूर्ण भाडं. त्यामुळे आजी, आई, मुलगी असं कुटुंब असेल तर स्वतःच्या गाडीतल्या पेट्रोलपेक्षा एसटी स्वस्त पडू शकते. आणि ज्यांचं एका ठिकाणावर एकमत होतच नाही, त्यांच्यासाठी एसटीची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही योजना आहे. चार किंवा सात दिवसांचा पास घ्यायचा आणि वाटेल तिथे उतरायचं.