अग्नीनें रचलेला, बर्फानें कोरलेला पर्वत

आपल्या धर्माबादेजवळून वाहणारी गोदावरी सह्याद्रींत त्र्यंबकेश्वरीं उगम पावते व आपल्याकडे येतांना बहुतेक सारा प्रवास काळ्या पाषाणाच्या प्रदेशांतून करते. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळून थरांवर थर थिजलेला लाव्हारस होय. देगलूर-बिलोलीकडे हे थर संपतात व त्यांहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट उघडा दिसूं लागतो.

अशाच काळ्या पाषाणाचें एक बेट मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस, साडेसात हजार किलोमीटरांवर, हिंदी महासागरांत आहे. इ. स. १७७२ मध्यें केर्गेलेन नांवाच्या फ्रेंच दर्यावर्द्यास तें आढळलें व त्याचेंच नांव बेटास पडलें. तेथील बहुतेक लाव्हा अडीच ते तीन कोटि वर्षांपूर्वींचा आहे. गॅलिएनी पर्वतसमूहांतील रॉस हें तेथील सर्वोच्च शिखर १८५० मीटर उंच आहे. आपलें कळसूबाई १६४६ मीटर. उंचींत फरक थोडा, परंतु रॉसवर बारमाही बर्फ असतें आणि कळसूबाईवर तें कधींच सांठत नाहीं. याचें कारण काय?

बेट ४९ दक्षिण अक्षांशावर आहे. तेथील उन्हाळाहि थंडच असतो, आणि पश्चिमेचे वारे समुद्रावरून सतत बाष्प आणतात. त्यामुळें पडलेलें सारें हिम वितळत नाहीं. वर्षानुवर्षे तें सांचतें, स्वतःच्याच भारानें दाबून घट्ट बर्फ होतें व उतारावरून अति मंद गतीनें सरकूं लागतें. हीच हिमनदी. तिच्या तळाशीं रुतलेले दगड कानशीप्रमाणें खडक घांसतात. सह्याद्रींतील ओढे खोल, तळाशीं अरुंद दऱ्या कोरतात. हिमनदीची दरी मात्र काहिलीसारखी, रुंद तळाची व उभ्या कडांची होते. अशा दऱ्यांत समुद्र शिरून केर्गेलेनच्या लांब, चिंचोळ्या खाड्या बनल्या आहेत.

परंतु हा कारागीर आतां क्षीण होत चालला आहे. १९६३ मध्यें बेटावर ७०३ चौरस किलोमीटर बर्फ होतें. २००१ मध्यें तें ५५२ उरलें. म्हणजे अडतीस वर्षांत पांचव्या हिश्शाहून अधिक बर्फ नाहींसें झालें. जेथें मनुष्याची कायम वस्ती नाहीं, शेत नाहीं, कारखाना नाहीं, तेथेंहि हवेच्या उष्णतेंत झालेला पालट पोंचला आहे.

विद्यार्थी मित्रहो, सह्याद्रीचा घाट उतरतांना दऱ्यांचा तळ अवश्य न्याहाळा. दगड तोच असला तरी त्यास घडविणारें हत्यार कोणतें, हें दरीचा आकारच सांगतो.