माटुंग्यातले बुडबुडे

टाकी एक घनमीटरची. आत पाणी, आणि तळाशी भोकं पाडलेल्या नळीतून सोडलेली हवा. समजा, टाकीचा वीस टक्के भाग बुडबुड्यांनी व्यापलाय आणि प्रत्येक बुडबुडा तीन मिलिमीटर व्यासाचा आहे. या सगळ्या बुडबुड्यांचा पृष्ठभाग मिळून किती भरेल? हिशेब शाळेतल्या भूमितीचाच आहे. उत्तर येतं ४०० चौरस मीटर. म्हणजे सातशे चौरस फुटांचे मुंबईतले सहा फ्लॅट एका टाकीत मावले. बुडबुडे सहा मिलिमीटरचे झाले, तर त्यातले तीन फ्लॅट गेले.

रसायनांच्या कारखान्याचा जीव या क्षेत्रफळात असतो, कारण वायू आणि द्रव यांची गाठ फक्त त्याच पृष्ठभागावर पडते. तेलापासून वनस्पती तूप करताना हायड्रोजन तिथूनच तेलात शिरतो. पेनिसिलिनच्या टाकीतल्या बुरशीला ऑक्सिजन तिथूनच मिळतो. ट्रॉम्बे किंवा थळच्या खतकारखान्यात अमोनिया करण्याआधी वायूंच्या मिश्रणातला कार्बन डायऑक्साइड अमाईन किंवा पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात शोषून घ्यावा लागतो; तोही इथूनच जातो. पण खऱ्या टाकीतले बुडबुडे भूमितीच्या पुस्तकाला जुमानत नाहीत. ते फुटतात, एकमेकांत मिसळतात, चेपतात. रिअॅक्टर पोलादी असला तर दिसतही नाहीत. मग त्यांचं क्षेत्रफळ मोजायचं कसं?

या प्रश्नाचं एक फार सुंदर उत्तर केंब्रिज आणि माटुंगा या दोन ठिकाणांच्या देवाणघेवाणीतून तयार झालं. माटुंग्याच्या त्या संस्थेचं नाव आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे आयसीटी, असं आहे. जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात. तिच्याबद्दल मराठीत लिहिलं जातं ते बहुधा तिथून शिकून बाहेर पडलेल्या उद्योगपतींबद्दल. प्रयोगशाळेत काय चाललं होतं, याची चौकशी फारशी कुणी करत नाही. हा लेख त्या चौकशीसाठी.

मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग, म्हणजेच यूडीसीटी, सुरू केला. कारण शहरातच उभं होतं. गिरण्या कापड विणत होत्या, पण ते रंगवण्यासाठी लागणारे कृत्रिम रंग जर्मनी आणि इंग्लंडमधून येत. जर्मनीच्या बीएएसएफने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा कणा मोडला, ही गोष्ट तेव्हा फार जुनी नव्हती. विद्यापीठाचे कुलगुरू सर विठ्ठल चंदावरकर स्वतः गिरणी व्यवसायातले होते. साहजिकच पहिले दोन अभ्यासक्रम ठरले वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. ही जोडी पुढे निर्णायक ठरली. आपल्याकडे सायन्स कॉलेज एका रस्त्यावर आणि इंजिनिअरिंग कॉलेज दुसऱ्या रस्त्यावर असण्याची रीत. इथे मात्र बी.एस्सी. करून आलेला रसायनाचा विद्यार्थी बी.एस्सी. टेक. करायचा आणि त्याच आवारात दुसरा विद्यार्थी पंप, बाष्पक आणि ऊर्ध्वपातनाची गणितं सोडवायचा. रंग, तेलं, औषधं, अन्न, पेंट, प्लास्टिक यांचे विभाग त्या आवारात एकेक करून वाढत गेले.

पहिले प्रमुख आर. बी. फॉर्स्टर. त्यांच्यानंतर १९३८ मध्ये के. वेंकटरामन आले. ते मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे शिकलेले. सेंद्रिय रसायनाच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवली जाणारी बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ती त्यांचीच. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याच्या जागेत आला. १९५२ मध्ये वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांच्या रसायनावरचा दोन खंडांचा ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पुढे तो आठ खंडांपर्यंत वाढला. परदेशी रंगांना पर्याय शोधण्यासाठी काढलेल्या विभागात, रंगांवर जगाने वापरावा असा ग्रंथ वीस वर्षांच्या आत लिहून झाला. १९५७ मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यामागून तिथे गेलेले बा. द. टिळक आणि नंतरचे रघुनाथ माशेलकर हेही माटुंग्याचेच.

आता बुडबुड्यांकडे येऊ. जोधपूरचा एक मुलगा, मन मोहन शर्मा, माटुंग्यात केमिकल इंजिनिअरिंग शिकला आणि पीएचडीसाठी केंब्रिजला पीटर डॅन्कवर्ट्स यांच्याकडे गेला. डॅन्कवर्ट्स हे मोठं विलक्षण प्रकरण. ऑक्सफर्डचे रसायनाचे पदवीधर. १९४० मध्ये लंडनवर पॅराशूटने टाकलेले जर्मन सुरुंग निकामी करण्याचं काम त्यांनी नौदलासाठी केलं आणि त्यासाठी जॉर्ज क्रॉस मिळवला. युद्धानंतर ते अमेरिकेत एमआयटीला अभियांत्रिकी शिकले. त्यांचा १९५१ चा शोधनिबंध या विषयातला मैलाचा दगड मानतात. त्याआधी, १९२३ च्या सुमारास मांडलेली समजूत अशी होती की, वायूला लागून द्रवाचा एक स्थिर पापुद्रा असतो आणि वायूला तो पार करावा लागतो. डॅन्कवर्ट्स म्हणाले, पापुद्रा कसला! खवळलेल्या द्रवात पृष्ठभाग सतत बदलतो. खालून ताजा द्रव वर येतो, काही क्षण वायूला भेटतो आणि परत खाली जातो. कोण किती वेळ वर राहील हे नशिबाचं काम, आणि नशिबाचं गणित मांडता येतं.

शर्मा यांनी १९६४ मध्ये पीएचडी पुरी केली आणि त्याच वर्षी ते माटुंग्याला प्राध्यापक म्हणून परतले. वय २७. कार्बन डायऑक्साइड अल्कलीत आणि अमाईनमध्ये कसा शोषला जातो, यावरचा डॅन्कवर्ट्स-शर्मा निबंध १९६६ मध्ये आला. क्षेत्रफळ मोजण्याच्या रासायनिक पद्धतींचा त्या दोघांचा आढावा १९७० चा.

पद्धत अशी. कार्बन डायऑक्साइड आणि कॉस्टिक सोडा यांची अभिक्रिया झपाट्याने होते. द्रावणाची तीव्रता नीट निवडली तर पृष्ठभागाच्या अगदी जवळच, द्रव खवळून खाली जाण्याआधीच, वायू संपतो. अशा वेळी एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग सेकंदाला किती वायू शोषेल, हे तीनच गोष्टींवर ठरतं: वायूची विद्राव्यता, द्रवात पसरण्याचा त्याचा वेग आणि अभिक्रियेचा वेग. द्रव कसा ढवळला, कोणत्या टाकीत ढवळला, याने काही फरक पडत नाही. या तिन्ही गोष्टी आधी साध्या उपकरणात मोजून ठेवायच्या. मग अवाढव्य पोलादी टाकीत तेच द्रावण भरून वायू सोडायचा, किती कॉस्टिक खर्ची पडलं एवढंच तपासायचं आणि भागाकार करायचा. टाकीच्या आत डोकावावंही लागत नाही. रसायनशास्त्रातली एक अभिक्रिया अभियंत्याची मोजपट्टी झाली. ही कल्पना ज्याला उमगली त्याला रसायन आणि अभियांत्रिकी एका छताखाली का हवी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

माशेलकरांनी १९६९ मध्ये शर्मा सरांकडेच पीएचडी केली, तीही बुडबुड्यांच्या स्तंभांवर. एल. के. दोराईस्वामी यांच्यासोबत शर्मा यांनी लिहिलेला विषमावस्थेतल्या अभिक्रियांवरचा दोन खंडी ग्रंथ १९८४ मध्ये आला. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तो मान मिळालेले पहिले भारतीय अभियंते, असं त्यांच्याबद्दल हमखास छापून येतं. पण माझगाव गोदीशी नातं असलेल्या वाडिया घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी यांना तो मान १८४१ मध्येच मिळाला होता, आणि वाफेच्या जहाजांचे अभियंते ते पक्के होते. शर्मा यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही, फक्त मुंबईचा इतिहास जरा लांबतो.

शर्मांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी यांनी पुढचा प्रश्न विचारला. बुडबुडे वर जातात ते ठीक, पण मग द्रव कुठे जातो? स्तंभाच्या मध्यातून वर आणि भिंतीलगत खाली, असे भोवरे त्यात एकावर एक तयार होतात. जोशी आणि शर्मा यांनी १९७९ मध्ये या भोवऱ्यांचं प्रतिमान मांडलं. पुढे जोशींच्या गटाने लेसरने प्रवाहाचा वेग मोजला आणि संगणकावर प्रवाहाची समीकरणं सोडवली. रसायनाच्या आवारात अशा रीतीने द्रवगतिकी येऊन बसली. ती नंतर पोचली थेट स्वयंपाकघरात. जोशी, अनिरुद्ध पंडित आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये स्वयंपाकाच्या भांड्यांवर एक निबंधमालिका प्रसिद्ध केली. त्यामागचं कारण कोणत्याही गृहिणीला पटेल. एक किलो पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी उकळून हवेत घालवायला लागते २,२५७, म्हणजे सातपट. डाळीला हवं असतं तापमान आणि वेळ, खदखदणं नव्हे. उकळी आल्यावरही मोठी ठेवलेली आच डाळ शिजवत नाही, सिलिंडर शिजवते. भांड्यांची मांडणी, बाहेरचं आवरण, आत किती पाणी, हे सगळं या मंडळींनी रिअॅक्टरच्या शिस्तीने तपासलं. आंतरराष्ट्रीय नियतकालिकात वरण-भाताला अशी गंभीर जागा क्वचितच मिळाली असेल.

पंडित यांचं स्वतःचं काम आणखी एका बुडबुड्याचं आहे. पाणी अरुंद भोकातून जोरात गेलं की तिथला दाब पडतो, वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढताच ते कोसळतात. कोसळण्याच्या त्या क्षणी तिथे प्रचंड तापमान आणि दाब निर्माण होतो. जहाजाचे पंखे आणि पंपांची पाती यानेच खड्डे पडून झिजतात. लॉर्ड रॅलेने १९१७ मध्ये त्याचं गणित मांडलं ते या नुकसानीपायी. यांत्रिकी अभियंत्यांनी जन्मभर टाळलेली ही गोष्ट माटुंग्याने मुद्दाम घडवून आणली. १९९३ मध्ये पंडित आणि जोशी यांनी तेलांच्या जलविघटनासाठी ती वापरली. नंतर पाण्यातले जंतू मारण्यासाठी आणि सांडपाण्यातले रंगाचे रेणू तोडण्यासाठी तिचा उपयोग तिथे तपासला गेला. रंग कसा घडवायचा हे शिकवायला निघालेली संस्था साठ-सत्तर वर्षांनी रंग कसा मोडायचा यावर पीएचडी देऊ लागली.

रसायन आणि अभियांत्रिकीच्या जोडीचं आणखी एक उदाहरण मिऱ्यांचं, तेही थोडक्यात. मिऱ्यातला तिखटपणा पायपरीन या द्रव्याचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून सेंद्रिय द्रावकं वापरावी लागतात. काही क्षार मात्र असे आहेत की पाण्यात पुरेसे घातले तर तेलकट द्रव्यंही विरघळतात, आणि नुसतं पाणी वाढवलं की ती परत बाहेर पडतात. हे क्षार साबण-डिटर्जंटच्या धंद्यात ओळखीचे. विलास गायकर यांच्या गटाने २००२ मध्ये ते मिऱ्यांना लावून पायपरीन काढून दाखवलं. हळदीच्या रंगद्रव्यासाठीही तीच वाट धरली.

हे सगळं कारखान्यांपर्यंत गेलं त्यामागे एक कायदाही होता. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधं आणि रसायनांवरचं उत्पादनाचं पेटंट काढून टाकलं. औषधांसाठी राहिलं ते फक्त प्रक्रियेचं पेटंट, तेही फार तर सात वर्षांचं. दुसऱ्या रस्त्याने तोच रेणू बनवता आला की धंदा तुमचा. असा दुसरा रस्ता शोधणं हे माटुंग्याचं रोजचं काम होतं. इथे शिकलेल्या अंजी रेड्डींनी हैदराबादला औषधकंपनी उभारली. केकी घरडांनी कीटकनाशकं आणि तणनाशकं केली, लोटे-परशुरामला कारखाना काढला. २००५ मध्ये उत्पादनाचं पेटंट परत आलं आणि तो काळ संपला.

लोट्याचं नाव आलं की दाभोळच्या खाडीचं नावही घ्यावं लागतं. कोकणातल्या मच्छीमारांनी रासायनिक सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. तारापूर, पाताळगंगा इथली कहाणी निराळी नाही. माटुंग्याच्या गौरवग्रंथांत हे सापडत नाही. एका संस्थेवर साऱ्या एमआयडीसींचं पाप घालणं अन्याय्य होईल. तिच्याच प्रयोगशाळांत सांडपाण्यावर उपाय शोधले गेले. पण ज्या उत्साहाने उत्पादन वाढवण्याचं शास्त्र कारखान्यांनी उचललं, त्या उत्साहाने सांडपाण्याचं उचललं नाही, आणि विद्यापीठानेही त्याचा आग्रह तेवढा धरला नाही, असं माझं मत आहे.

२००८ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास जैवऊर्जेचं केंद्र सुरू झालं. शेतातल्या टाकाऊ काड्यांपासून इथेनॉल करण्याचं त्याचं तंत्र २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला रोज दहा टन काडीकचऱ्याच्या प्रकल्पात उतरलं. जीवशास्त्रातली विकरं, रसायनातली आम्लं आणि अभियंत्यांचे पडदे-गाळण्या यांची ती एकत्र कमाई. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर सगळीच विद्यापीठं आंतरविद्याशाखीय व्हायला निघाली आहेत. फलक लागताहेत, समित्या बसताहेत. माटुंग्यात हे समितीने घडलं नाही. कारखानदार अडचण घेऊन यायचा आणि ती अडचण रसायनाची, यंत्राची की जंतूंची हे त्याला ठाऊक नसायचं. सोडवणाऱ्यालाही विभाग ओलांडावा लागायचा. त्यातल्याच एखाद्याला अडचण सुटल्यावरही ती सोडून देववत नसे. तो तिच्या मुळाशी जायचा, आणि त्यातून डॅन्कवर्ट्सच्या तोडीचं शास्त्र निघायचं.

२०१८ मध्ये संस्थेने जालन्याला मराठवाडा परिसर सुरू केला. १९३३ च्या मुंबईला गिरण्यांचे रंग हवे होते. जालन्याकडे बियाण्यांच्या कंपन्या आहेत, भंगारातून सळई ओतणाऱ्या भट्ट्या आहेत, कापसाच्या पऱ्हाट्या आहेत, सोयाबीन आहे आणि पाण्याची ओरड कायमची आहे. यातला प्रत्येक प्रश्न तीन-चार विभागांचा आहे. तेव्हा जालना-संभाजीनगरच्या कारखानदारांना विनंती एवढीच: देणगीचा धनादेश सवडीने द्या, आधी तुमची बंद पडलेली भट्टी किंवा नासलेली बॅच घेऊन तिथल्या प्राध्यापकांच्या दारात जा.