घशाची जखम ऑपरेशनच्या आधीच ठरते

मोठं ऑपरेशन म्हणजे मिरज, ही सातारा-सांगलीकडची जुनी रीत. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथं रुग्णालय काढलं तेव्हापासूनची. आता मिरजेत सिद्धिविनायक कॅन्सर हॉस्पिटल आहे, कराडात कृष्णा रुग्णालय आहे. घशाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं की नातेवाईक आधी विचारतात, ‘गाठ सगळी निघाली ना?’ पण गाठ निघाली तरी पुढचे दोन आठवडे कसोटीचे असतात.

स्वरयंत्र पूर्ण काढलं की श्वास मानेवरच्या छिद्रातून चालतो आणि उघडा पडलेला घसा टाके घालून पुन्हा शिवावा लागतो. ही शिवण कोरडी ठेवायची सोय नाही. लाळ दिवसरात्र झरते, तिच्याबरोबर तोंडातले जंतू येतात, दर घोटाला टाक्यांवर ताण पडतो. म्हणून निदान आठवडाभर नाकातल्या नळीतून अन्न देतात. तरीही कधी टाका उसवतो. मानेची कातडी लाल होते, ताप येतो आणि एखाद्या सकाळी ड्रेसिंग सोडलं तर आतलं गॉज ओलंचिकट, उग्र वासाचं निघतं. ती लाळ असते. लाळेनं काढलेल्या या वाटेला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. तोंडानं खाणं बंद ठेवून रोज ड्रेसिंग केलं की बहुतेकांची वाट आपोआप बुजते; पण त्यात आठवडेच्या आठवडे जातात, पुढचे उपचार लांबतात. लाळ मानेतल्या मोठ्या धमनीपर्यंत पोचली तर जिवावर बेततं. बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८७३ साली कर्करोगासाठी पहिल्यांदा अख्खं स्वरयंत्र काढलं. दीडशे वर्षं उलटली, तरी सर्जनना या गळतीची धास्ती आहेच.

सगळ्यात मोठा धोका आधी झालेल्या रेडिएशनचा. त्यानं गळतीचा धोका साधारण दुप्पट होतो. किरणांनी गाठीसोबत आसपासच्या बारीक रक्तवाहिन्याही आकसतात. मग जखम भरणं म्हणजे पाटाचं पाणी तोडलेल्या वावरात पीक धरणं. अशा वेळी सर्जन छातीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वर आणून शिवणीला आधार देतात. छातीला किरणं लागलेली नसतात, म्हणून तो स्नायू ताजं रक्त घेऊन येतो.

रेडिएशन आणखी एक गोष्ट करतं, ती बरेचदा नजरेतून सुटते. मानेतलं थायरॉइड मंदावतं. थायरॉइड कमी असलं की जखमही रेंगाळते. टीएसएचची साधी रक्तचाचणी ते सांगते आणि रोजच्या गोळीनं ते सुधारतंही.

जखम न भरण्याची बाकीची कारणं घरातलीच आहेत. गिळता येत नाही म्हणून महिनोन्‌महिने पेजेवर काढलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बरेचदा साडेतीनच्या खाली गेलेलं असतं. नवं मांस बनायला मालच नसतो. साखर चढलेली असेल तर जंतूंचं फावतं. बिडीतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, तिचा धूर रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. तंबाखूची किंमत या भागाला सांगायला नको, तासगावचे नेते आर. आर. पाटील ऊर्फ आबा २०१५ साली तोंडाच्या कर्करोगानंच गेले.

‘लवकर कापून टाका’ ही घाई समजते, आणि ऑपरेशन विनाकारण लांबवूही नये. पण तारीख मिळेपर्यंतचे दिवस वाया घालवू नका. बिडी, मिश्री आजच बंद करा. गिळता येत नसेल तर नळीतून अन्न द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि आधी कुठंही रेडिएशन झालं असेल, तर त्याची फाइल सर्जनच्या हातात पहिल्याच भेटीत द्या.