द्राक्षांवरील मंत्र : फ्रेस्नोचे आर्मेनियन

देश सुटला तरी धर्म, भाषा व आचार कोणत्या आधारावर टिकतात, हा प्रश्न विचारी गृहस्थास पडल्यावांचून राहत नाहीं. त्याचें एक उत्तर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, फ्रेस्नो शहरीं, पाहावयास मिळतें.

सन १८८१ मध्यें सेरोपियन नांवाचे आर्मेनियन बंधु तेथें येऊन राहिले. मागाहून त्यांचे पुष्कळ देशबांधव आले. द्राक्षांचे मळे लावून व बेदाणे करून त्यांनीं चार पैसे मिळविले. परंतु लक्ष्मी प्रसन्न झाली तरी शेजार प्रसन्न झाला नाहीं. आर्मेनियनांस घर विकूं नये, अशी अट कित्येक वस्त्यांच्या खरेदीखतांतच असे. अशा वर्णभेदी अटी न्यायालयांनीं अंमलांत आणूं नयेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला.

अशा दिवसांत या लोकांचा आसरा म्हणजे त्यांचें ‘पवित्र त्रैक्य’ देवालय. लाल विटांची ही वास्तु १९१४ सालीं उभी राहिली. पुढच्याच वर्षीं तुर्की साम्राज्यांत आर्मेनियनांची भीषण कत्तल सुरू झाली. मायदेशीं असंख्य देवळें ओस पडलीं. जीव वांचवून आलेल्या निराश्रितांस परदेशांतील हें देवालयच माहेर झालें.

तेथील उपासनेची भाषा ‘ग्राबार’, म्हणजे प्राचीन आर्मेनियन. लोकांच्या बोलण्यांतून ती केव्हांच गेली; संस्कृताप्रमाणें मंत्रपाठांत मात्र राहिली. मेस्रोप माश्तोत्स या साधुपुरुषानें इ. स. ४०५ च्या सुमारास तिच्यासाठीं ३६ अक्षरांची लिपि निर्माण केली. ही संस्कृताची दूरची बहीणच होय : मातृ तो ‘मायर’, पितृ तो ‘हायर’, दुहितृ ती ‘दुस्त्र’.

ऑगस्टच्या मध्यास मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. त्या वेळीं पुरोहित नव्या द्राक्षांवर आशीर्वादाचे मंत्र म्हणतो व तीं भाविकांस वांटलीं जातात. जुन्या वळणाच्या घरांत तोंपर्यंत नवें द्राक्ष कोणी तोंडांत घालीत नाहीं. आपल्या नवान्नाची येथें कोणास आठवण होणार नाहीं?

खरी चिंता पुढील पिढीची आहे. मुलें इंग्रजींत वाढतात. ग्राबार दूरच, आजीची बोलीहि कित्येकांस येत नाहीं. म्हणून अमेरिकेंतील आर्मेनियन देवालयांतून मूळ पाठाशेजारीं रोमन अक्षरांत उच्चार व इंग्रजी अर्थ छापलेलीं पुस्तकें ठेवतात. कोणी म्हणेल, मग मूळ पाठ हवाच कशाला? आम्हांस हें पटत नाहीं. अर्थ समजलाच पाहिजे. परंतु ज्या शब्दांनीं पणज्यानें देवास हांक मारली, ते शब्द मुखांतून गेले कीं पणज्याशीं असलेला संबंधहि तुटतो.

फ्रेस्नोंत जन्मलेले प्रसिद्ध लेखक विल्यम सारोयान (१९०८–१९८१) यांनीं जन्मभर इंग्रजींत लिहिलें. तरी मृत्यूनंतर त्यांच्या रक्षेचा एक भाग फ्रेस्नोस राहिला व दुसरा आर्मेनियांत येरेवानास गेला. दोन्ही भूमींचें ऋण असें फेडलें गेलें. पुढच्या पिढीस मात्र तें जिवंतपणींच फेडावयाचें आहे. आणि त्यास देवालयांत जाऊन चार मंत्र अर्थासह शिकणें, हा आरंभ कांहीं लहान नव्हे.