वरुणापलीकडचा 'ब्रह्मा' : केतकरांच्या भाकिताची गोष्ट

सूर्यमालेतील आठवा आणि सर्वांत दूरचा ग्रह म्हणजे नेपच्यून, अर्थात वरुण. वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावी, शहरी दिव्यांपासून दूर, अमावास्येच्या काळोखातही तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दुर्बीण हवी, आणि ती नेमकी कुठे रोखायची याची माहितीही. मानवाने हा ग्रह आधी कागदावर शोधला आणि मग आकाशात पाहिला, हेच त्याचे वैशिष्ट्य.

विल्यम हर्षल यांनी १७८१ मध्ये युरेनस शोधला. आपल्या पंचांगांत त्याला 'हर्षल' म्हणतात ते यावरूनच. मात्र हा ग्रह गणिताने ठरवलेल्या मार्गावरून किंचित ढळत असे. पलीकडचा एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा, असे गृहीत धरून फ्रान्समध्ये ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये अॅडम्स यांनी स्वतंत्रपणे आकडेमोड केली. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना ल व्हेरिए यांनी सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आतच हा ग्रह सापडला.

या यशाने वरुणापलीकडेही ग्रह असावेत, ही कल्पना बळावली. तिचा पाठपुरावा करणाऱ्यांत एक मराठी ज्योतिर्विदही होते. नरगुंद येथे १८५४ मध्ये जन्मलेले, पेशाने शिक्षक असलेले व्यंकटेश बापूजी केतकर. पंचांगातील गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसावा, यासाठी 'ज्योतिर्गणित'सारखे ग्रंथ त्यांनी सिद्ध केले. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी वरुणापलीकडील दोन ग्रहांचे भाकीत प्रसिद्ध केले आणि त्यांना 'ब्रह्मा' व 'विष्णू' अशी नावे दिली.

त्यांची रीत ल व्हेरिए यांच्याहून वेगळी होती. गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांच्या प्रदक्षिणाकाळांत साधारण १:२:४ असे प्रमाण आहे. लाप्लास यांनी अभ्यासलेला हा ताल बाहेरच्या ग्रहांतही असावा, असे केतकरांनी मानले. त्यावरून 'ब्रह्मा' सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट अंतरावर असून सुमारे २४२ वर्षांत एक प्रदक्षिणा करतो, असे उत्तर त्यांनी काढले. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४८ वर्षे!

मग प्लूटोच्या शोधाचे श्रेय केतकरांचे म्हणायचे का? येथे संयम हवा. त्यांनी अंतर व काळ सांगितला; तो ग्रह आकाशात कोठे शोधावा, हे सांगितले नाही. शिवाय ज्या तालावर गणित उभे होते, तो बाह्य ग्रहांत त्या स्वरूपात नाही. वरुण तीन फेऱ्या करतो तेव्हा प्लूटोच्या दोन होतात.  त्यांचा 'विष्णू' कधीच सापडला नाही. उत्तर जवळचे निघाले म्हणजे रीत बरोबर ठरली, असे नव्हे. अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल यांच्या भाकिताचेही असेच झाले. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यान वरुणाजवळून गेल्यावर त्याचे वस्तुमान नेमके कळले आणि युरेनसच्या मार्गातील उरलासुरला फरकही नाहीसा झाला. २००६ मध्ये तर प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली.

तरीही केतकरांच्या धाडसाचे मोल कमी होत नाही. पंचांगशुद्धीसाठी झटणाऱ्या एका शिक्षकाने आपले गणित जगापुढे तपासणीसाठी मांडले. प्लूटो सापडला त्याच वर्षी, १९३० मध्ये, त्यांचे निधन झाले. वरुणाला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे १६५ वर्षे लागतात. शोधानंतरची त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पूर्ण झाली. केतकरांच्या भाकिताला तेव्हा नेमकी शंभर वर्षे झाली होती.