कुंग फू शिकवणारी रील बघताय? हातपाय चालवण्याआधी या ६ गोष्टी तपासा

रात्रीची जेवणं आटोपली की अकोला काय आणि अमरावती काय, गच्चीवर हवा खायला पोट्टे जमतात. एकाच्या हातात मोबाईल असतो. स्क्रीनवर काळ्या कपड्यांतला एक माणूस समोरच्याच्या हातातला चाकू झटक्यात हिसकावून घेतो. खाली ओळ येते, 'फक्त ३० सेकंदांत शिका'. मग तीच रील पुन्हा, आणि पुन्हा.

"अबे हे पाय ना, किती सोपं हाय!"

दहाव्यांदा बघून झालं की खरंच वाटायला लागतं, आपल्यालाही जमेल. खरा घोळ इथूनच सुरू होतो.

बघून जमल्यासारखं का वाटतं?

यावर एक गाजलेला अभ्यास आहे. शिकागो विद्यापीठातल्या मायकल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी तो केला आणि २०१८ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात तो छापून आला. त्यांनी लोकांना छोटे व्हिडिओ दाखवले. टेबलावरची भांडी न हलवता खालचं कापड ओढून काढणं, बाण फेकणं, मायकल जॅक्सनचा मूनवॉक, असे प्रकार त्यात होते. काहींना व्हिडिओ एकदाच दाखवला, काहींना २० वेळा.

२० वेळा बघणाऱ्यांना आपल्याला हे जमेल याची जास्त खात्री वाटत होती. पण प्रत्यक्ष करायला लावल्यावर ते एकदाच बघणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणजे वाढला तो आत्मविश्वास, कौशल्य होतं तिथंच राहिलं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जगलिंगचा व्हिडिओ बघितलेल्या लोकांच्या हातात जगलिंगच्या दांड्या थोडा वेळ नुसत्या धरायला दिल्या, तेव्हा त्यांचा फुगलेला आत्मविश्वास खाली आला. वजन हाताला लागलं की डोकं ताळ्यावर येतं.

मूनवॉक चुकला तर लोक हसतात. चाकू हिसकावताना चुकलं तर काय होतं, ते सांगायची गरज नाही.

मुळात कुंग फू म्हणजे काय?

कुंग फू या चिनी शब्दाचा मूळ अर्थ 'मारामारी' असा नाहीच. वेळ आणि कष्ट देऊन कमावलेलं कौशल्य, असा तो अर्थ आहे. लढाईच्या कलेला चिनी भाषेत 'वुशू' म्हणतात. पण चित्रपटांनी कुंग फू हा शब्द जगभर पोचवला. १९७३ साली आलेल्या ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'चा त्यात मोठा वाटा. म्हणजे '३० सेकंदांत कुंग फू' हे वाक्य शब्दाच्या अर्थालाच छेद देतं.

प्रात्यक्षिक वेगळं, शिकवणी वेगळी

हा फरक अमरावतीकरांना समजावून सांगायची तशी गरज नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, म्हणजे आपलं 'हव्याप्र मंडळ', याच शहरातलं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचं पथक तिथे गेलं आणि कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं त्यांनी जगासमोर केली.

बर्लिनच्या प्रेक्षकांनी ते खेळ बघितले, टाळ्या वाजवल्या. पण ते बघून कुणी मल्लखांब शिकला असेल का? नाही. कारण प्रात्यक्षिक असतं बघणाऱ्यासाठी. त्यात सगळं नीटनेटकं आणि वेगात दिसतं. त्यामागची कित्येक महिन्यांची मेहनत दिसत नाही. मल्लखांब शिकताना आधी खांबावर नीट पकड येते, मग अढी, मग तेढी आणि अवघड उड्या फार नंतर. आणि खाली उस्ताद उभा असतो, पोरगं घसरलं तर धरायला.

सोशल मीडियावरचे बहुतेक कुंग फू व्हिडिओ हे प्रात्यक्षिक असतात आणि त्यांच्यावर 'शिका' अशी पाटी लावलेली असते. समोरचा व्हिडिओ कोणत्या प्रकारातला आहे हे ओळखायचं, तर पुढच्या ६ गोष्टी बघा.

१. नेमकं काय शिकवतोय, हे सांगतो का?

नुसतं 'कुंग फू शिका' म्हणणं म्हणजे नुसतं 'वऱ्हाडी जेवण बनवा' म्हणण्यासारखं आहे. सांबारवडी की पाटवडी, ते कळायला नको? विंग चुन, हुंग गार, प्रेइंग मँटिस अशा कुंग फूच्या कितीतरी शैली आहेत आणि त्यांच्या उभं राहण्यापासून ठोसा मारण्यापर्यंतच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. आधुनिक वुशूमध्येही दोन भाग पडतात. 'ताओलू' म्हणजे ठरलेल्या हालचालींचं सादरीकरण, 'सांडा' म्हणजे समोरासमोरची लढत. ताओलूतली उंच गिरकी गुण मिळवायला असते. ती स्वसंरक्षणाची युक्ती म्हणून कुणी विकत असेल, तर तिथेच थांबा.

'कुंग फूमध्ये ब्लॅक बेल्ट' या ओळीनेही भारावून जाऊ नका. रंगीत पट्ट्यांची पद्धत जपानी ज्युदोमधून पसरली. पारंपरिक कुंग फूमध्ये ती नव्हती, नंतर अनेक क्लासेसनी ती उचलली. त्यामुळे पट्टा कुणी दिला आणि कशाच्या जोरावर दिला, हे कळल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही.

२. पाय दिसतात का?

लाथ असो वा ठोसा, ताकद जमिनीवरून येते. पाऊल वळतं, मग कंबर वळते आणि शेवटी हात सुटतो. पण बऱ्याच रील्स कंबरेच्या वरच असतात, कारण मोबाईल उभा धरलेला असतो आणि चेहरा मोठा दिसायला हवा असतो. अशा व्हिडिओतून तुम्ही निम्मीच हालचाल शिकता.

चांगला शिकवणारा एकच हालचाल समोरून, बाजूने, आधी सावकाश आणि मग पूर्ण वेगात दाखवतो. मधे कात्री लागलेली नसते. उजवा हात कोणता, डावा कोणता, हेही तो बोलून सांगतो, कारण स्क्रीनवर बघताना उलटसुलट होतं. ठोसा सुटताना एका कोनातून आणि लागताना दुसऱ्या कोनातून दिसत असेल, तर ते संपादकाचं कौशल्य समजा.

३. चूक करून दाखवतो का?

खरी परीक्षा हीच. ज्याने खरंच पोरं शिकवली आहेत, त्याला लोक कुठे चुकतात ते तोंडपाठ असतं.

साधी मूठ घ्या. नवखा माणूस अंगठा बोटांच्या आत दडपतो आणि ठोसा लागला की तोच अंगठा दुखावतो. मनगट वाकलं तर ते मुरगळतं. करंगळीच्या बाजूने ठोसा बसला तर तिच्या मागचं हाड मोडू शकतं. डॉक्टरांकडे या दुखापतीला नावच आहे, 'बॉक्सर्स फ्रॅक्चर'. म्हणून अनेक शैलींत पहिल्या दोन बोटांच्या पेरांनी मारायला शिकवतात. विंग चुनमध्ये मात्र उभ्या मुठीने, खालच्या पेरांवर ठोसा मारतात. दोन्हींमागे कारणं आहेत. चांगला व्हिडिओ ते कारण सांगतो, वाईट व्हिडिओ नुसतं 'असं मारा' म्हणतो.

तेच 'हॉर्स स्टान्स'चं. घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचं. गुडघा पावलाच्या दिशेने राहायला हवा. तो आत कलंडत असेल आणि तुम्ही रोज तसेच दहा मिनिटं उभे राहत असाल, तर पाय बळकट होण्याआधी गुडघा कुरकुरायला लागेल.

४. समोरचा माणूस खरंच विरोध करतो का?

बहुतेक रील्समध्ये हल्ला करणारा एक ठोसा मारतो आणि हात हवेत तसाच ठेवून पुतळ्यासारखा उभा राहतो. मग 'मास्टर' त्या हातावर चार-पाच युक्त्या करतो. खऱ्या मारामारीत हात बाहेर जातो तितक्याच वेगाने मागे येतो आणि दुसरा हात मोकळाच असतो.

पहिल्या टप्प्यात जोडीदाराने साथ देणं चूक नाही, शिकताना ते लागतंच. पण पुढच्या टप्प्यात त्याने विरोध करायला हवा. अकोल्यात बॉक्सिंगची चांगली परंपरा आहे. कुठल्याही बॉक्सरला विचारा, पंचिंग बॅगवर मारणं आणि उलट मारणाऱ्या माणसावर मारणं यात किती अंतर असतं.

हा विरोध टाळत राहिलं की काय होतं, याची उदाहरणं जगाने बघितली आहेत. जपानमध्ये यानागी र्‍युकेन नावाचे गुरू स्पर्श न करता शिष्यांना पाडत. शिष्य खरोखर धडाधड पडत. २००६ साली एका मिश्र मार्शल आर्ट्सच्या खेळाडूशी सामना झाला, तेव्हा तो काही पडला नाही. गुरूंनाच मार खावा लागला. २०१७ साली चीनमधल्या चेंगदू शहरात मिश्र मार्शल आर्ट्सचा खेळाडू शू शियाओदोंग याने वेई लेई या ताई ची गुरूला काही सेकंदांत खाली पाडलं. तो व्हिडिओ जगभर फिरला आणि चीनमध्ये मोठा वाद झाला.

यावरून अख्खी कुंग फू किंवा ताई ची खोटी ठरत नाही. पण शिष्य पडतात म्हणून युक्ती खरी, हा हिशोब मात्र चुकीचा ठरतो.

५. आधी काय आणि नंतर काय, हे सांगतो का?

अंग गरम कसं करायचं, ही हालचाल करण्याआधी कोणती यायला हवी, किती वेळा करायची, कुठे दुखलं तर थांबायचं. हे सांगणारा माणूस तुम्हाला विद्यार्थी समजतो. जो थेट उडी मारून लाथ घालायला सांगतो, त्याच्या लेखी तुम्ही फक्त एक व्ह्यू आहात.

लाईक्स आणि व्ह्यूजवरून दर्जा ठरवू नका. रील पुढे जाते ती लोक किती वेळ बघत थांबले यावर. हवेतली लाथ बघायला लोक थांबतात. गुडघा कसा ठेवायचा हे बघायला फारच कमी जण थांबतात.

६. 'हे व्हिडिओवरून शिकू नका' असं कधी म्हणतो का?

काही गोष्टी स्क्रीनवरून शिकवूच नयेत. जोडीदाराला उचलून आपटणं त्यातलंच एक. पडताना हनुवटी छातीकडे घेतली नाही तर डोकं मागे आपटतं. मानेवरचे डाव, कडक वस्तूंवर हात आपटून 'लोखंडी पंजा' करणं आणि हत्यार हिसकावणं, हेही त्याच यादीत. ज्या शिकवणाऱ्याला आपल्या माध्यमाची मर्यादा कळते आणि तो ती बोलून दाखवतो, त्याच्यावर थोडा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग व्हिडिओचा काही उपयोगच नाही का?

आहे, भरपूर आहे. क्लासमध्ये शिकलेलं आठवायला, दुसऱ्या शैली बघायला, शिक्षकाने सांगितलेला बारकावा सावकाश बघून समजून घ्यायला व्हिडिओसारखी सोय नाही. मुद्रित मजकुरातून व्यायाम समजावण्याची परंपरा मराठीत जुनीच आहे. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात १० खंडांत निघाला. पण पुस्तक काय आणि व्हिडिओ काय, दोघांनाही तुम्ही दिसत नाही. तुमचं मनगट वाकलंय हे त्यांना कळत नाही.

त्यावर एक सोपा तोडगा आहे. मोबाईल बाजूला, जरा लांब उभा करा आणि स्वतःचाच सराव रेकॉर्ड करा. मग मूळ व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. आपण किती वाकडे उभे आहोत, हे पहिल्या मिनिटातच कळेल. शक्य असेल तर तोच व्हिडिओ गावातल्या एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाला दाखवा.

मुलींच्या स्वसंरक्षणासाठी रील्स शोधणाऱ्या पालकांनी एक चौकशी जरूर करावी. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' ही ३ महिन्यांच्या प्रशिक्षणाची योजना आहे. आपल्या शाळेत ते होतं का, हे मुख्याध्यापकांना विचारा.

आणि समोर खरंच चाकू आला तर? अंतर वाढवा, ओरडा, पळा, ११२ वर फोन करा. पैसे किंवा मोबाईल मागत असेल तर देऊन टाका. ज्या व्हिडिओत या गोष्टी पहिल्या सांगितलेल्या नाहीत, तो स्वसंरक्षणाचा व्हिडिओ म्हणायच्या लायकीचा नाही.

शेवटची परीक्षा: एक स्केचपेन

तरीही त्या ३० सेकंदांच्या युक्तीवर भरोसा असेल, तर गच्चीवरच तपासून बघा. जुना पांढरा शर्ट घाला, डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल चढवा. मित्राच्या हातात चाकूऐवजी लाल स्केचपेन द्या. त्याला सांगा, रीलमधल्यासारखा थांबू नको, चेहरा सोडून अंगावर कुठेही रेघ ओढ. तुम्ही ती युक्ती करून पेन हिसकावायचा.

एका मिनिटानंतर शर्टवरच्या लाल रेघा मोजा. त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे एक वार. मग ती रील सेव्ह करून ठेवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.