घरात साखर आहे म्हणून सोयरीक मोडावी का?

परवा कामशेतचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. स्वतःची तक्रार काही नव्हती. "डॉक्टरसाहेब, मुलासाठी लोणावळ्याचं स्थळ पसंत आहे. पण मुलीच्या वडिलांना साखर आहे, आजीलाही होती. म्हणजे मुलीला होणारच ना? नकार कळवू का?"

मी त्यांना कागदावर हिशोब मांडून दाखवला. तो वाचकांच्याही उपयोगी पडेल.

सिकलसेलसारखे आजार एकाच जनुकातील दोषामुळे होतात. नेहमीच्या मधुमेहाचे तसे नाही. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. शिवाय आहार, वजन आणि बैठे काम यांची भर पडते. कोणत्या जनुकाचा वाटा किती, हे मोजूनच ठरवावे लागते.

पुण्याचे केईएम रुग्णालय व हैदराबादची सीसीएमबी संस्था येथील संशोधकांचा असा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९५५ मधुमेही व मधुमेह नसलेल्या ३९९ व्यक्तींची तुलना केली होती. टीसीएफ७एल२ या जनुकाचे काही प्रकार मधुमेहींमध्ये जास्त आढळले. धोका सुमारे दीडपट निघाला.

दीडपट म्हणजे काय? केवळ समजण्यासाठी आकडे धरू. १०० मधुमेहींपैकी ४० जणांत तो प्रकार आहे आणि १०० निरोगी माणसांपैकी ३० जणांत. फरक आहे हे खरे. पण ते ३० जण तो प्रकार असूनही ठणठणीत आहेत आणि उरलेल्या ६० मधुमेहींना तो नसतानाही आजार झालाच!

अशा तुलनेची दोन पथ्ये आहेत. माणसे भरपूर हवीत, नाहीतर योगायोगच पुरावा वाटतो. दोन्ही गट एकाच मुलखातले हवेत. रुग्ण मावळातले आणि निरोगी पंजाबातले घेतले, तर दिसणारा फरक आजाराचा नसून मुलखाचा असू शकतो.

शेवटी मी विचारले, "तुमच्या घरी कुणाला साखर?" ते ओशाळून म्हणाले, "थोरल्या भावाला आहे."

घरात मधुमेह असेल तर धोका वाढतो, हे नाकारता येत नाही. मात्र तो विधिलिखित नव्हे. अशा घरातील मंडळींनी वजन आटोक्यात ठेवावे, रोज चालावे आणि तिशीनंतर नियमित रक्तातील साखर तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रातही ही तपासणी होते. सोयरीक मोडून मधुमेह टळत नाही.